शर्यत शेवटच्या शंभर मीटरमध्ये हरत नाही: ८०० आणि १५०० मीटर धावणाऱ्यांनो, या चुका टाळा

जिल्हास्तरीय शालेय स्पर्धेत १५०० मीटरची शर्यत संपली की एक वाक्य हमखास कानावर येतं: "सर, शेवटी पायच उचलले नाहीत." मग पुढचा महिनाभर त्या मुलाकडून शंभर मीटरचे स्प्रिंट मारून घेतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. पाय शेवटी जड होतात हे खरं, पण बहुतेक वेळा ते जड केलेले असतात पहिल्याच लॅपमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या ४०० मीटरच्या पहिल्या फेरीत.

हिशेब करून बघा. १५०० मीटर पाच मिनिटांत धावायचं तर ४०० मीटरला ८० सेकंद हवेत, १०० मीटरला २०. शिट्टी वाजते, पोरं सुसाट सुटतात आणि पहिला लॅप ७० सेकंदांत उरकतो. कमावलेले ते दहा सेकंद तिसऱ्या लॅपला व्याजासकट परत जातात. यावर उपाय सरावातच करावा लागतो. घड्याळ न बघता २०० मीटर बरोबर ४० सेकंदांत धावायला शिका. पहिल्या दिवशी ३५ येतील, येऊ द्या. हा अंदाज पायात मुरला की स्टार्टच्या गडबडीतही टिकतो.

१९७२च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये ८०० मीटर जिंकणारा अमेरिकेचा डेव्ह वॉटल सुरुवातीला सगळ्यांच्या मागे होता. शेवटी तो वाऱ्यासारखा आला असं पाहणाऱ्यांना वाटतं. त्याचे २०० मीटरचे टप्पे मात्र साधारण २६.४, २६.९, २६.४ आणि २६.२ सेकंदांचे होते. त्याचा वेग जवळपास तेवढाच राहिला, मंदावले ते बाकीचे. अर्थात, मुद्दाम शेवटी राहा असा याचा अर्थ काढू नका. शाळेच्या गर्दीच्या शर्यतीत पुढचा एकदा सुटला की सहसा हाती लागत नाही.

दुसरी चूक वळणावरची. पुढच्याला ओलांडायचं म्हणून मुलं बेंडवर बाहेरून जातात आणि तिथेच अडकून राहतात. लेन १.२२ मीटर रुंद असते, त्यामुळे दुसऱ्या लेनमधून धावलं की प्रत्येक वळणाला पावणेचार मीटरहून थोडं जास्त अंतर पडतं. १५०० मीटरमध्ये सात वळणं येतात, म्हणजे एकूण सव्वीस-सत्तावीस मीटर जास्तीचे. ओलांडायचं ते सरळ पट्ट्यात, आणि एकदा ठरवलं की झटक्यात.

पण आतली कड धरून बसलं की बॉक्स व्हायची भीती असते: पुढे एक, उजवीकडे एक, वाट बंद. अशा वेळी कोपर मारून बाहेर निघणं म्हणजे बाद होण्याला आमंत्रण. शेवटच्या लॅपच्या आधीच पुढच्याच्या उजव्या खांद्याशी जागा धरा. तरीही कोंडलात तर दोन श्वास थांबा, कारण दमलेला धावपटू बाहेर सरकतो. २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १५०० मीटरच्या शेवटच्या सरळ पट्ट्यात अमेरिकेचा कोल हॉकर असाच आतून निघाला आणि ३:२७.६५ ला जिंकला. तो आधी एकदा आतून घुसायला गेला होता तेव्हा वाट मिळाली नव्हती, हेही लक्षात ठेवा.

८०० मीटरमध्ये पहिलं वळण आपापल्या लेनमध्ये धावायचं असतं. ब्रेक लाइन, म्हणजे लेन सोडायची परवानगी देणारी रेषा, ओलांडली की बाहेरच्या लेनमधली मुलं एकदम आत कापतात. धक्काबुक्की होते आणि अंतरही वाढतं. समोरच्या वळणाच्या तोंडाकडे तिरकं, हळूहळू या.

बाकी किरकोळ: नवे स्पाइक्स (खिळ्यांचे बूट) शर्यतीच्याच दिवशी घालू नका, शर्यतीआधी भरपेट वडापाव नको, आणि सरळ पट्ट्यात मागे वळून बघू नका.

फिनिश लाइनच्या आधी वेग सोडणं मात्र किरकोळ नाही. निकाल छाती रेषेवर कधी पोचली यावर लागतो. पुढे केलेला हात किंवा पाय मोजत नाहीत. २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत बीडच्या अविनाश साबळेचं स्टीपलचेसचं (अडथळ्यांच्या शर्यतीचं) सुवर्ण ०.०५ सेकंदाने हुकलं: केनियाचा किबिवोट ८:११.१५, साबळे ८:११.२०. म्हणून सरावात प्रत्येक रिपीट (ठरलेल्या अंतराची प्रत्येक धाव) रेषेच्या पाच मीटर पुढेपर्यंत धावा, रेषेवर थांबू नका.