वडिलांची घड्याळं हाती आल्यावर या चुका टाळा

वडील गेल्यावर कपाट आवरताना बिस्किटांच्या डब्यात नाहीतर चष्म्याच्या घरात घड्याळं सापडतातच. एचएमटीची जनता किंवा पायलट, सासऱ्यांनी लग्नात दिलेलं फेवर ल्यूबा, कंपनीने पंचवीस वर्षं नोकरी झाल्यावर दिलेलं एखादं, कुणीतरी दुबईहून आणलेलं सेको, शिवाय दोन-तीन टायटन. ठेवायची की विकायची हे ठरायच्या आतच हौसेने बरंच नुकसान होऊन जातं. सुरुवातीला या घड्याळांना जितका कमी हात लागेल तितकं बरं.

"चालतंय का बघू" म्हणून किल्ली देणं

बरीच वर्षं बंद असलेल्या घड्याळातलं तेल सुकून चिकट होतं. किल्ली दिल्यावर ते टिकटिकलं तर सगळ्यांना आनंद होतो, पण आत चाकांच्या टोकांची कोरडी झीज चालू झालेली असते. किल्ली फिरतच नसेल तर "जास्त किल्ली दिली म्हणून अडकलं" असं सांगणारं कुणीतरी घरात निघतंच. किल्ली जास्त होऊन घड्याळ बंद पडत नाही. स्प्रिंग पूर्ण भरलेली असते, पण चिकटलेली चाकं पुढे सरकत नाहीत. जोर न लावता सर्व्हिसिंगला द्या. जनता, पायलटसारख्या घड्याळांचे सुटे भाग जुन्या मशीनमधून अजून मिळतात.

सर्व्हिसिंगनंतर घड्याळ दिवसाला दहा-पंधरा मिनिटं पुढे जाऊ लागलं, तर बहुतेक वेळा चुंबकाचा दोष असतो. स्पीकर किंवा मोबाइलच्या कव्हरमधल्या चुंबकाजवळ ते ठेवलं जात असेल. कारागीर मिनिटभरात चुंबकत्व काढून देतो.

तारीख असलेल्या घड्याळात साधारण रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळेत तारीख झटपट बदलायला जाऊ नका, दाते तुटू शकतात. बंद घड्याळात रात्र की दिवस कळणार कसं? आधी काटे सहावर आणा, मग तारीख लावा.

जुन्या तबकडीवर तपकिरी पडलेले चमकीचे ठिपके असतील तर घड्याळ घरी उघडू नका. 1960 च्या दशकापर्यंत त्यात रेडियम हा किरणोत्सर्गी पदार्थ वापरत. अंधारात चमक दिसत नाही म्हणून रेडियम संपलं असं नव्हे. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मं व्हायला लागणारा काळ, सुमारे 1,600 वर्षं आहे, आधी थकतो तो चमकणारा पदार्थ.

नवं दिसावं म्हणून पॉलिश आणि रंग

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. "डायल नवीन करून देतो" असं दुकानदार प्रेमानेच म्हणतो, पण रंगवलेल्या तबकडीवरची अक्षरं जाड येतात आणि मिनिटांच्या रेघा आकड्यांशी जुळत नाहीत. एचएमटीचा घड्याळ व्यवसाय बंद करायचा निर्णय सरकारने 2016 मध्ये घेतला. जुन्या एचएमटीच्या नावाखाली अशी रंगवलेली घड्याळं बाजारात ढिगाने आहेत. म्हणूनच डाग पडलेली पण मूळ तबकडी जाणकाराला हवी असते. केसच्या (घड्याळाच्या धातूच्या कवचाच्या) मागे वडिलांचं नाव, कंपनी आणि साल कोरलेलं असेल तर पॉलिशच्या चाकाखाली तेच आधी पुसट होतं. प्लॅस्टिकच्या काचेवरचे ओरखडे मात्र खुशाल काढून घ्या, त्यात काही बिघडत नाही.

टायटन आणि इतर सेलवरच्या घड्याळांतला संपलेला सेल लगेच काढून घ्या. तो पाझरला तर मशीन खराब होतं.

सगळा डबा एकदम विकणं

"सगळ्यांचे मिळून इतके" हा भाव देणाऱ्याने त्यातली चांगली दोन केव्हाच हेरलेली असतात. प्रत्येक घड्याळाचा पुढून-मागून फोटो काढा, जुनी बिलं, पेट्या, वॉरंटी कार्डं शोधा आणि दोन-तीन ठिकाणी विचारा. इंटरनेटवर दिसतो तो मागितलेला भाव. ते घड्याळ त्या किमतीला विकलं गेलं असेलच असं नाही.

थोरल्याने परस्पर वाटप करणं

मृत्युपत्र नसेल तर हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 नुसार आई, मुलगे आणि मुली यांचा हक्क सारखाच. लग्न होऊन गेलेली बहीणही त्यात आली. बहुतेक घरांत भांडण किमतीवरून होत नाही, वडिलांच्या रोजच्या मनगटावरच्या एकाच घड्याळावरून होतं, त्यामुळे त्याचं आधी ठरवा आणि आईला पहिल्यांदा विचारा. वारसा म्हणून मिळालेल्या घड्याळावर कर लागत नाही. सोन्याच्या केसचं किंवा हिरे जडवलेलं विकणार असाल तर मात्र आधी सीएशी बोला, कारण ते दागिन्यांत धरलं जाऊ शकतं.