वांग्याशेजारी टोमॅटो नको: परसबागेतल्या जोडपिकांच्या या चुका टाळा

दिवाळीनंतर घरामागच्या एका वाफ्यात टोमॅटो, वांगी आणि मिरची एकाआड एक लावली होती. वेगवेगळी झाडं जवळ असली की कीड कमी येते, एवढंच डोक्यात. फुलं धरली आणि एका दुपारी टोमॅटोच्या हिरव्यागार झाडानं मान टाकली. संध्याकाळी पाणी घातल्यावर जरा उभारी आली, दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच. आठवड्यात चार टोमॅटो आणि दोन वांगी गेली. शेजारच्या काकी गडग्यावरून म्हणाल्या, "अरे, सगळी भावकी एका खोलीत निजवलीस. एकाला ताप आला की घर आडवं."

भावकीच ती. टोमॅटो, वांगं, मिरची, बटाटा एकाच कुळातले, त्यामुळे रोगही सामायिक. त्यातला जिवाणूंमुळे येणारा मर रोग कोकणात फार, कारण आपली उबदार, ओली, आम्लधर्मी जमीन त्याला मानवते. ओळखायची रीत सोपी आहे. सुकलेल्या झाडाचं खोड बुंध्याजवळ कापा आणि तुकड्याचं कापलेलं टोक काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात बुडवून न हलवता धरा. काही मिनिटांत दुधासारखे पांढरे धागे खाली उतरू लागले, तर हाच रोग. मग औषधांवर पैसे घालवू नका. झाड मुळासकट काढून जाळा, खतखड्ड्यात टाकू नका. खुरपं धुवा आणि त्या वाफ्याचं पाणी पुढच्या वाफ्यात जाऊ देऊ नका. दोन-तीन वर्षं तिथं मका, चवळी, मुळा, लाल माठ घ्या. टोमॅटो हवाच असेल तर दुसऱ्या जागी, आणि या रोगाला दाद न देणारा 'अर्का रक्षक'सारखा वाण.

चवळी किंवा वाल शेजारी लावला की बाकीच्यांना आयतं नत्र मिळतं, हे अर्धंच खरं. वाढत्या वयात ती वेल आपलं नत्र आपल्याकडेच ठेवते. शेजाऱ्याला, खरं तर पुढच्या पिकाला, ते मिळतं मुळं आणि पाला कुजल्यावर. म्हणून शेंगा संपल्या की वेल उपटून गडग्यापलीकडे फेकू नका. जमिनीलगत कापा, मुळं आतच राहू द्या. एखादं मूळ मात्र उकरून बघा. नखानं सहज सुटणारी, आतून गुलाबी गाठ असेल तर ती नत्राची. मूळच सुजलेलं असेल आणि गाठ सुटत नसेल तर ते सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे अगदी बारीक जंत.

सूत्रकृमींवर झेंडू चालतो, पण भेंडीच्या वाफ्याच्या चार कोपऱ्यांत चार झेंडू हा निव्वळ देखावा. झेंडू अख्ख्या वाफ्यात दाट हवा, दोनेक महिने उभा हवा, आणि भेंडी त्याच्या नंतर. दसऱ्यासाठी आपण झेंडू लावतोच. तोच वाफा पुढे हिवाळी भेंडीला द्या.

चवळीवर मावा दिसला की लगेच फवारणी, हीसुद्धा घाई. त्या माव्यामागोमाग ढालकिडे (लेडीबर्ड) येतात, आणि ते मग शेजारच्या झाडांवरचाही मावा खातात. त्यांची अळी काळसर, नारिंगी ठिपक्यांची, मगरीच्या पिलासारखी दिसते. कीड समजून मीच कित्येक चिरडल्या आहेत.

मका, घेवडा, भोपळा हे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचं त्रिकूट हल्ली व्हिडिओंत फार दिसतं. तिन्ही एकाच दिवशी पेरले तर घेवडा कोवळ्या मक्याला खाली ओढतो, म्हणून मका आधी वीतभर होऊ द्यायचा. आणि आषाढातल्या वाऱ्यात मका तसाही लोळतो. त्यापेक्षा आपला मांडव बरा. वर पडवळ, शिराळी आणि सावलीत हळद. गणपतीत पातोळ्यांना पानंही घरचीच. न्हाणीचं पाणी जिथं जातं तिथं अळू.

माडाखालची जागा रिकामी दिसते म्हणून तिथं मिरची-भेंडी लावणारेही पुष्कळ. साधारण आठ ते पंचवीस वर्षांच्या माडांखाली सावली सर्वांत गडद असते, तिथं फळभाजी नुसतीच उंच वाढते. शिवाय माडाची बरीचशी कामाची मुळं बुंध्यापासून दोन मीटरच्या आत असतात. त्या आळ्यात कुदळ घालू नका. दोन माडांमधल्या पट्ट्यात हळद, आलं, सुरण घ्या. जुन्या आगरांत माड, पोफळी, मिरवेल, जायफळ असे मजले असायचे, त्यात प्रत्येकाच्या वाट्याचं ऊन ठरलेलं असे.

शेवटची चूक पावसाळ्यातली. जोडपीक म्हणजे गर्दी, असं समजून झाडांना झाडं चिकटवली की वारा खेळत नाही आणि पानं दिवसभर ओली राहतात. वांग्यात दोन फूट अंतर ठेवाच. पातेऱ्याचं, म्हणजे पालापाचोळ्याचं, आच्छादन पावसाळ्यात बुंध्यापासून वीतभर लांब सारा, नाहीतर त्याखाली गोगलगायी बसतात. रात्री जेवणानंतर टॉर्च आणि मिठाच्या पाण्याचा डबा घेऊन एक फेरी मारा. मीठ डब्यातच राहू दे, वाफ्यात नको.