सरकारी शाळेतली पहिली तीन वर्षं: पगार, रजा आणि कागद

ऑक्टोबर 2021 मध्ये मध्य प्रदेशात सरकारी माध्यमिक शिक्षक म्हणून माझी नेमणूक झाली. शिक्षक पात्रता परीक्षेची जाहिरात 2018 ची, त्यामुळे आदेश हातात पडेपर्यंत इंदूरच्या लोकमान्य नगरमधल्या आमच्या ओळखीपाळखीच्या निम्म्या घरांनी विचारणं सोडून दिलं होतं. आदेश आला, आईने पेढे वाटले, आणि शेजारच्या काकूंनी पहिला प्रश्न विचारला तो पगाराचा. मी म्हटलं, ‘32,800 मूळ वेतन.’ पहिला पगार जमा झाला तेव्हा मूळ रक्कम 22,960 होती.

कुणी फसवलं नव्हतं. आदेशात सगळं लिहिलेलं होतं, मीच नीट वाचलं नव्हतं. मध्य प्रदेशात 2019 च्या अखेरीस नियम आला, की नव्या भरतीतल्या कर्मचाऱ्याला परिवीक्षेच्या, म्हणजे प्रोबेशनच्या, तीन वर्षांत किमान वेतनाच्या अनुक्रमे 70, 80 आणि 90 टक्के रक्कम स्टायपेंड म्हणून मिळेल. म्हणजे 22,960, मग 26,240, मग 29,520. नाशिकला राहणारी माझी मावसबहीण शिक्षण सेवक होती. तिकडे तीन वर्षं ठरावीक मानधन असतं; 2023 पासून ते प्राथमिकला 16,000, माध्यमिकला 18,000 आणि उच्च माध्यमिकला 20,000 झालं. दोन्ही राज्यांची तऱ्हा वेगळी, पण पहिली तीन वर्षं आम्हा दोघींना हात आखडूनच काढावी लागली. त्या तीन वर्षांच्या भरवशावर कुणी घराचं किंवा गाडीचं कर्ज काढू नये असं मला कळकळीने वाटतं. माझ्या बरोबरीच्या दोघांनी काढलं आणि फार ओढाताण सोसली.

नेमणुकीचा आदेश घरी शांतपणे बसून, पेन्सिल हातात घेऊन वाचा. पदाचं नाव, वेतनश्रेणी, परिवीक्षेचा काळ, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे नेमणूक कोणत्या नियमांखाली झाली आहे. आमची 2018 च्या राज्य शालेय शिक्षण सेवा नियमांखाली झाली. या एका ओळीचं मोल मला शाळेतल्या ज्येष्ठ सरांमुळे कळलं. ते 1998 मध्ये शिक्षाकर्मी म्हणून लागले. नेमणूक जनपद पंचायतीची, म्हणजे तालुक्याच्या पातळीवरच्या पंचायतीची, राज्याच्या शिक्षण विभागाची नव्हे. 2007 मध्ये अध्यापक संवर्ग झाला, त्यात ते आले. मग 1 जुलै 2018 पासून नव्या संवर्गात. काम पहिल्या दिवसापासून तेच, फळाही तोच, पण कागदावर ते तीनदा नवे झाले. मध्य प्रदेशात 1 जानेवारी 2005 पासून लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. सर त्याच्या सात वर्षं आधी लागले, तरी त्यांच्या वाट्याला एनपीएसच (पगारातून कापून साठवलेल्या पैशांवरची नवी पेन्शन) आली, कारण मूळ नेमणूक स्थानिक संस्थेची. त्यांच्या पिढीची ही खंत मला अगदी रास्त वाटते. वीस-पंचवीस वर्षं खेड्यापाड्यांत शिकवलेल्या माणसाने आपली सेवा कुठून मोजायची हे विचारत फिरावं लागणं फार वाईट आहे.

आता रजेबद्दल. आपण घरी ‘किरकोळ रजा’ म्हणतो, इथल्या फॉर्मवर ‘आकस्मिक अवकाश’ असतं, आणि स्टाफरूममध्ये सगळे ‘सीएल’ म्हणतात. वर्षाला 13 सीएल आणि 3 ऐच्छिक सुट्या. कॅलेंडर वर्ष संपलं की उरलेल्या सीएल गेल्या, पुढे जात नाहीत. इंदूरला रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, असते, अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे देखावे, निघतात, त्या निमित्ताने स्थानिक सुटी मिळते. पण आपल्या महालक्ष्म्या बसतात त्या तीन दिवसांची सोय आपल्यालाच करायची असते. मी जानेवारीतच तीन सीएल मनाशी बाजूला ठेवते. गंगवाल बसस्थानकावरून बेटम्याची बस पकडून शाळेत जायचं आणि संध्याकाळी परतून पुरणपोळीचा घाट घालायचा हे मी पहिल्या वर्षी केलं, पुन्हा नाही.

शिक्षकांना उन्हाळ्याची सुटी असते, म्हणून अर्जित रजा (नोकरीच्या दिवसांवर साठत जाणारी पगारी रजा) इतर खात्यांपेक्षा फार कमी मिळते. त्यात एक बारीक गोष्ट आहे. सुटीत प्रशिक्षणाला, निवडणुकीच्या कामाला किंवा परीक्षेच्या कामाला बोलावलं, तर त्या दिवसांबदली अर्जित रजा मागता येते, पण लेखी आदेश असेल तरच. फोनवरच्या ‘आ जाइए मॅडम’ने रजेच्या खात्यात काही चढत नाही. आदेशाची प्रत आणि काम केल्याचं प्रमाणपत्र त्याच आठवड्यात घ्यायचं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज शिक्षकांना बिगर-शैक्षणिक कामाला लावता येत नाही. हे कलम पाठ असलेलं बरं. आजारपणासाठी अर्धवेतनी रजा आहे, वर्षाला 20 दिवस. डॉक्टरी दाखल्यावर ती पूर्ण पगारी करून मिळते, मात्र एका दिवसाला दोन दिवस खात्यातून जातात.

प्रसूती रजेवर जरा थांबते, कारण सर्वांत जास्त फोन मला याच कामासाठी येतात. 2023 च्या सुरुवातीला मला सातवा महिना होता. संकुल कार्यालयात (आसपासच्या शाळांचं कामकाज बघणारं कार्यालय) अर्ज घेऊन गेले तर तिथल्या बाबूजींनी, म्हणजे कारकुनांनी, तो हातातही घेतला नाही. म्हणाले, ‘प्रोबेशन में मैटरनिटी नहीं मिलती, बिना वेतन की ले लो।’ मी तशीच घरी आले आणि दोन रात्री झोपले नाही. सहा महिने बिनपगारी म्हणजे घराचा हप्ता कुठून द्यायचा? शेवटी सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, नाही म्हणाले ते लिहून दे म्हणावं.’ त्या स्वतः पोस्टात नोकरीला होत्या.

मी रजा नियमांची प्रत मिळवली. महिला शासकीय सेवकाला 180 दिवस प्रसूती रजा, हयात अपत्यं दोनपेक्षा कमी असतील तर. परिवीक्षेतल्या बाईला वगळल्याचा एक शब्दही तिथे नव्हता. दुसऱ्या अर्जात मी नियम उद्धृत केला, दोन प्रती नेल्या आणि एकीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का मागितला. शेवटी लिहिलं होतं, की रजा नामंजूर करायची असल्यास कारणासह लेखी कळवावं. नऊ दिवसांत मंजुरी आली. बाबूजी काही दुष्ट माणूस नव्हते. त्यांना तसं कुणीतरी कधीतरी सांगितलं होतं, आणि ते पुढे सांगत आले होते. अशा ऐकीव नियमांनी किती मुलींचे पगार गेले असतील, या विचाराने मला आजही त्रास होतो.

मूल झाल्यावर संगोपन रजाही आहे. संपूर्ण सेवेत 730 दिवस, मूल 18 वर्षांचं होईपर्यंत, वर्षातून तीनदाच. ती मागितली की मिळालीच असं नसतं, मंजुरीनंतरच जायचं. एकदम सगळी वापरू नका. दहावी-बारावीच्या वर्षांसाठी राखून ठेवा, असं मोठ्या बायका सांगतात आणि ते पटतं.

अतिथी, म्हणजे सत्रापुरते नेमलेले, शिक्षक असाल तर चित्र वेगळं आहे. मी तीन सत्रं अतिथी होते. तेव्हा वर्ग 2 ला, म्हणजे माध्यमिकच्या अतिथींना, महिन्याला जास्तीत जास्त 7,000 मिळत. 2023 मध्ये ते 14,000 झाले. उन्हाळ्यात घरी, सुटीचे पैसे नाहीत. पण 2018 च्या नियमांत थेट भरतीच्या 25 टक्के जागा तीन सत्रं आणि किमान 200 दिवस शिकवलेल्या अतिथींसाठी ठेवल्या होत्या. अशा राखीव जागांवर दावा सांगायला अनुभव प्रमाणपत्र लागतं. माझ्या एका सत्राचं प्रमाणपत्र तेव्हाच्या प्राचार्यांनी ‘देख लेंगे’ म्हणत टाळलं, मग त्यांची बदली झाली, आणि ते सत्र माझ्या हिशेबातून कायमचं गेलं. मी खुल्या जागेतून निवडले गेले म्हणून निभावलं. तुम्ही दर सत्राच्या शेवटच्या दिवशी, हजेरीपटाशी ताडून, दिवसांच्या आकड्यासह प्रमाणपत्र घेऊनच बाहेर पडा.

करारावरच्या बायकांसाठी आणखी एक. प्रसूती लाभ कायदा 1961 चा होता; नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली. आधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम झालं असेल तर 26 आठवड्यांपर्यंत पगारी रजा मिळते. दिल्ली महापालिकेच्या रोजंदारी कामगार बायकांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्ये हा हक्क त्यांनाही दिला. 2023 मध्ये कविता यादव खटल्यात तर कराराची मुदत रजेच्या मधेच संपली तरी लाभ थांबत नाही, असं सांगितलं. अर्जात या दोन निकालांची नावं लिहा. समोरच्याचा सूर बदलतो.

सेवा पुस्तिका वर्षातून एकदा स्वतः उघडून बघा. माझ्या पुस्तिकेत 180 दिवसांची नोंद चक्क राहून गेली होती. मंजुरी आदेश फाइलमध्ये, पण पुस्तिकेत काहीच नाही. तशीच राहिली असती तर पुढे कधीतरी ते सहा महिने गैरहजेरी म्हणून समोर आले असते. प्रत दाखवली, नोंद झाली, सही झाली, मी पानाचा फोटो काढला.

ऑक्टोबर 2024 मध्ये तीन वर्षं पूर्ण झाली. परिवीक्षा संपल्याचा आदेश आपोआप येईल असं धरून मी दोन महिने घालवले. मग अर्ज दिला, सोबत रुजू झाल्याचा अहवाल, तिन्ही वर्षांच्या गोपनीय अहवालांच्या प्रती आणि प्रसूती रजेचा मंजुरी आदेश जोडला. फेब्रुवारीत पूर्ण वेतन सुरू झालं, मधल्या महिन्यांची थकबाकी एप्रिलमध्ये आली. त्या अर्जाचा नमुना माझ्याकडे आहे. आमच्या संकुलात गेल्या वर्षी रुजू झालेल्या तिघींनी त्याच्या झेरॉक्स नेल्या.