लिनक्ससाठी गेम कंट्रोलर निवडताना या चुका टाळा

खोक्यावर ‘पीसीसाठी योग्य’ असे छापलेले पाहून कंट्रोलर विकत घेणे, ही लिनक्स वापरणाऱ्याची सर्वांत महागात पडणारी चूक आहे. उत्पादकाच्या लेखी पीसी म्हणजे विंडोज, आणि त्या छापील ओळीत विंडोजपलीकडची कोणतीही हमी दिलेली नसते. लिनक्सवर प्रश्न वेगळा असतो: हा कंट्रोलर यूएसबी किंवा ब्लूटूथवरून कोणत्या पद्धतीने संदेश पाठवतो, आणि ती पद्धत ओळखणारा ड्रायव्हर आपल्या संगणकावर आज चालू असलेल्या कर्नेलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, आहे का? दुकानात जाण्यापूर्वी एवढ्याचे उत्तर मिळवले, तर पुढे सांगितलेल्या बहुतेक अडचणी उद्भवतच नाहीत.

कर्नेलची आवृत्ती न पाहता खरेदी करणे

लिनक्समध्ये कंट्रोलरचे ड्रायव्हर बहुतांशी कर्नेलसोबतच येतात. त्यामुळे ‘हा कंट्रोलर लिनक्सवर चालतो का’ हा प्रश्न अर्धवट आहे. ‘कितव्या आवृत्तीपासून चालतो’ असे विचारले पाहिजे. सोनीने स्वतः लिहून दिलेला ड्युअलसेन्सचा (प्लेस्टेशन ५ च्या कंट्रोलरचा) ड्रायव्हर २०२१ मध्ये ५.१२ या आवृत्तीत आला. निन्टेंडोच्या स्विच प्रो आणि जॉय-कॉनचा ड्रायव्हर ५.१६ मध्ये, म्हणजे जानेवारी २०२२ मध्ये आला. व्हॉल्व्हच्या जुन्या स्टीम कंट्रोलरचा ड्रायव्हर मात्र २०१८ पासून, ४.१८ मध्ये आहे.

हे आकडे वितरणांच्या, म्हणजे डेबियन, उबुंटू, मिंट अशा लिनक्सच्या तयार संचांच्या, शेजारी ठेवून पाहावेत. डेबियन ११ चा मूळ कर्नेल ५.१० आहे, म्हणजे ड्युअलसेन्सच्या दोन पावले मागे. उबुंटू २२.०४ आणि त्यावर आधारलेले लिनक्स मिंट २१ ही दोन्ही ५.१५ घेऊन आली, म्हणजे स्विच प्रोसाठी अवघ्या एका आवृत्तीने कमी पडली. आपल्याकडे जुन्या लॅपटॉपला नवे आयुष्य देण्यासाठी मिंट बसवणारे अनेक जण आहेत आणि ‘लिनक्स तर नवीनच टाकले आहे’ अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते. पण वितरण कधी बसवले याला इथे महत्त्व नाही, त्याच्या पोटात कोणता कर्नेल आहे याला आहे. टर्मिनलमध्ये ‘यूनेम -आर’ ही आज्ञा (अर्थातच रोमन लिपीत) दिली की आवृत्ती दिसते. ती कमी असेल तर कंट्रोलर बदलण्याची गरज नाही. मिंटमध्ये अपडेट मॅनेजरच्या ‘व्ह्यू’ या यादीत ‘लिनक्स कर्नल्स’ असा पर्याय आहे, तेथून नवा कर्नेल बसवता येतो. उबुंटूच्या दीर्घकालीन आवृत्तीत एचडब्ल्यूई नावाचा नव्या कर्नेलचा मार्ग आहे. आणि डेबियन १२ मध्ये ६.१ असल्याने ड्युअलसेन्स आणि स्विच प्रो हे दोन्ही तेथे मुळातूनच सांभाळलेले आहेत.

या ठिकाणी एक फसवा अनुभव येतो. जुन्या कर्नेलवर स्विच प्रो जोडला तर तो स्टीममध्ये (व्हॉल्व्हच्या खेळ विकणाऱ्या आणि चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) व्यवस्थित चालतो, पण स्टीमबाहेरच्या एखाद्या खेळात किंवा जुन्या कन्सोलचे खेळ चालवणाऱ्या एम्युलेटरमध्ये त्याचा मागमूस दिसत नाही. याचे कारण स्टीम काही कंट्रोलरांशी कर्नेलच्या ड्रायव्हरला बाजूला ठेवून थेट बोलते. त्यामुळे एखाद्या मित्राने ‘माझ्याकडे चालतो’ असे सांगितले, तर कुठे चालतो, स्टीममध्ये की सगळीकडे, हे त्याला जरूर विचारावे.

‘एक्सबॉक्स’ हे नाव पुरेसे समजणे

तारेने जोडायचा एक्सबॉक्सचा कंट्रोलर हा लिनक्सवरील सर्वांत निर्धोक पर्याय आहे, कारण त्यासाठीचा एक्सपॅड हा ड्रायव्हर कर्नेलमध्ये वर्षानुवर्षे आहे. अडचण तार काढली की सुरू होते. एक्सबॉक्सचे कंट्रोलर बिनतारी पद्धतीने दोन अगदी निराळ्या मार्गांनी जोडले जातात: एक ब्लूटूथ आणि दुसरा मायक्रोसॉफ्टची स्वतःची पद्धत, जिच्यासाठी यूएसबीत लावायचा वेगळा डोंगल लागतो.

जुना माल किंवा वापरलेला कंट्रोलर घेताना तर हातात घेऊन नीट पाहावे. मधल्या गोल एक्सबॉक्स बटणाभोवतीचे प्लास्टिक जर वरच्या कडेवरील बंपरच्या बटणांशी सलग, त्याच तुकड्याचे असेल, तर त्या कंट्रोलरमध्ये ब्लूटूथ नाही. ते प्लास्टिक पुढच्या मुख्य भागाचेच असेल, तर ब्लूटूथ आहे. बॅटरीचे झाकण काढून आतला मॉडेल क्रमांकही वाचता येतो: १५३७ आणि १६९७ यांत ब्लूटूथ नाही, १७०८ आणि १९१४ यांत आहे. विक्रेत्याला बहुधा हा फरक माहीत नसतो, म्हणून छायाचित्र मागवावे आणि स्वतःच ठरवावे.

ब्लूटूथ असलेला कंट्रोलर वारंवार जोडला जाऊन तुटत असेल, तर आधी त्याचे फर्मवेअर, म्हणजे कंट्रोलरच्या आतले सॉफ्टवेअर, जुने आहे का ते पाहावे. हे अद्ययावत करण्याचा मार्ग विंडोजवरील मायक्रोसॉफ्टच्या साधनातून किंवा एक्सबॉक्स कन्सोलमधूनच जातो, ही लिनक्सवाल्यांसाठी खरोखर अन्यायाची बाब आहे. एखाद्या मित्राच्या संगणकावर दहा मिनिटांत हे काम उरकावे. पुढे बॅटरीची पातळी आणि ट्रिगरमधील थरथर हवी असेल, तर एक्सपॅडनिओ हा स्वतंत्र ड्रायव्हर बसवावा. डोंगलसाठी मात्र कर्नेलमध्ये काहीच नाही. त्यासाठी एक्सवन हा बाहेरचा ड्रायव्हर आणि वेगळे उतरवून घ्यावे लागणारे फर्मवेअर, असे दोन्ही लागते. केवळ बिनतारी खेळायचे आहे म्हणून पहिल्यांदाच लिनक्स वापरणाऱ्याने डोंगलच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे बाहेरचे ड्रायव्हर बसवताना होणारी एक चूक मी स्वतः केली आहे. संगणकात सिक्युअर बूट (मान्य सही नसलेले सॉफ्टवेअर अडवणारी सोय) चालू असेल, तर बसवणी चालू असताना एक पासवर्ड ठरवायला सांगितले जाते आणि पुढच्या वेळी संगणक सुरू होताना निळा पडदा येतो. ‘कोणतेही बटण दाबा’ अशी सूचना त्यावर जेमतेम दहा सेकंद राहते. मी त्या वेळी पाण्याचा ग्लास आणायला उठलो होतो. परत येईपर्यंत संगणक नेहमीसारखा सुरू झाला होता, बसवणीत कोणतीही चूक दाखवलेली नव्हती आणि तरी ड्रायव्हर काही केल्या चढत नव्हता. त्या पडद्यावर बटण दाबून ‘एनरोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड दिल्याशिवाय कर्नेल त्या ड्रायव्हरची सही मान्य करत नाही.

हुबेहूब दिसणाऱ्या नकला

बाजारात ड्युअलशॉक ४ सारखे (प्लेस्टेशन ४ च्या कंट्रोलरसारखे) दिसणारे, पण किमतीने फारच स्वस्त कंट्रोलर सर्रास मिळतात. ते स्वतःची ओळख सोनीचा कंट्रोलर म्हणूनच देतात. मात्र ड्रायव्हरने आतल्या कॅलिब्रेशनची (सेन्सरच्या अचूक मोजमापाची) माहिती मागितली की त्यांतील काहींना उत्तर देता येत नाही. ६.२ या आवृत्तीपासून ड्युअलशॉक ४ ची जबाबदारी सोनीच्या नव्या ड्रायव्हरकडे गेली आणि तो अशा बाबतीत अधिक काटेकोर निघाला, म्हणून काल चालणारी नक्कल कर्नेल बदलताच बंद पडल्याचे अनुभव लोकांना आले. कर्नेल लिहिणाऱ्यांनी पुढे अशा नकलांसाठी सवलतीही दिल्या आहेत. तरीही नकलेवर पैसे घालण्याऐवजी तेवढ्याच किमतीचा, स्वतःच्या नावाने विकला जाणारा तारेचा कंट्रोलर घ्यावा.

स्वतःच्या नावाच्या स्वस्त कंट्रोलरांतही एक गोम आहे. एक्सपॅड हा ड्रायव्हर उत्पादकांच्या क्रमांकांच्या यादीवर चालतो, त्यामुळे बाजारात नुकत्याच आलेल्या कंपनीचा क्रमांक जुन्या कर्नेलच्या यादीत नसण्याची शक्यता असते. शिवाय अनेक कंट्रोलरांत एकाहून अधिक पद्धती भरलेल्या असतात. ८बिटडोच्या काही कंट्रोलरांत कोणते बटण स्टार्टसोबत दाबून तो चालू केला यावर पद्धत ठरते, तर प्रो २ मध्ये त्यासाठी मागे चक्क एक खटका आहे. लिनक्सवर खेळताना एक्स ही, म्हणजे एक्सबॉक्ससारखे बोलणारी, अवस्था निवडावी. इतर स्वस्त कंट्रोलरांत मधले बटण काही सेकंद दाबून धरल्यावर अवस्था बदलते. कंट्रोलर ओळखला जातो, पण बटणे भलतीच लागतात, अशी तक्रार असेल तर प्रथम हेच तपासावे.

दोष वरच्या टोकाकडून शोधणे

खेळात कंट्रोलर चालला नाही की लोक खेळाच्या सेटिंगमध्ये तासन्‌तास घालवतात. शोध नेहमी तळापासून वर न्यावा: आधी तार, मग कर्नेल, मग परवानगी आणि सर्वांत शेवटी खेळ.

तारेपासून सुरुवात करण्याचे कारण अगदी साधे आहे. घरात पडलेल्या कित्येक केबली केवळ चार्जिंगच्या असतात आणि त्यांत माहिती वाहून नेणाऱ्या तारा नसतात. कंट्रोलरचा दिवा लागतो, बॅटरी भरते, आणि संगणकाला मात्र काही जोडले आहे याचा पत्ताच नसतो. टर्मिनलमध्ये ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा एकदा जोडण्यापूर्वी आणि एकदा जोडल्यानंतर द्यावी. यादीत एक ओळ वाढली, तर केबल ठीक आहे. त्या ओळीतील क्रमांकाचा पहिला भाग उत्पादक सांगतो: ०४५ई म्हणजे मायक्रोसॉफ्ट, ०५४सी म्हणजे सोनी, ०५७ई म्हणजे निन्टेंडो. एखाद्या अनोळखी कंपनीच्या कंट्रोलरवर ०४५ई:०२८ई दिसले, तर तो एक्सबॉक्स ३६० चे रूप घेऊन बोलतो आहे असे समजावे. त्यानंतर ‘जर्नलसीटीएल -के -एफ’ चालू ठेवून कंट्रोलर पुन्हा जोडावा. नवे इनपुट उपकरण तयार झाल्याची ओळ आली, म्हणजे कर्नेलने त्याला स्वीकारले.

ब्लूटूथवर दोन चुका नेहमीच्या आहेत. ड्युअलसेन्सवर नुसते पीएस बटण दाबून जोडणी होत नाही. क्रिएट आणि पीएस ही दोन्ही बटणे दिवा भराभर लुकलुकेपर्यंत एकत्र धरावी लागतात. दुसरी चूक म्हणजे पेअर करून ‘ट्रस्ट’ करायचे राहून जाणे, त्यामुळे पुढच्या वेळी कंट्रोलर आपोआप जोडला जात नाही. एकाच संगणकावर विंडोजही असेल, तर दोन्हीकडच्या जोडणीच्या किल्ल्या वेगळ्या राहतात आणि प्रत्येक अदलाबदलीनंतर पुन्हा पेअर करावे लागते; हा कंट्रोलरचा दोष नव्हे.

कर्नेलने स्वीकारलेला कंट्रोलर खेळापर्यंत पोहोचत नसेल, तर परवानगीकडे वळावे. डेबियन आणि उबुंटूच्या कुटुंबात स्टीम-डिव्हायसेस या नावाचे पॅकेज त्यासाठीचे यूडेव्ह नियम (उपकरण कोणाला वापरता येईल हे ठरवणारे नियम) बसवते. फ्लॅटपॅकमधून, म्हणजे बंदिस्त पेटीसारख्या पॅकेजमधून, बसवलेल्या खेळाला किंवा एम्युलेटरला बाहेरची उपकरणे दिसावीत म्हणून फ्लॅटसील या परवानग्यांच्या साधनात सर्व उपकरणांची परवानगी चालू करावी लागते. एकदा बटण दाबल्यावर पात्र दोनदा उडी मारत असेल, तर बहुधा खेळ खरा कंट्रोलर आणि स्टीमने तयार केलेला आभासी कंट्रोलर असे दोन्ही वाचत असतो. त्या खेळापुरते स्टीम इनपुट, म्हणजे हा आभासी कंट्रोलर तयार करणारी स्टीमची सोय, बंद करून पाहावे.

परत करण्याची मुदत न वापरणे

नवा कंट्रोलर आल्या दिवशी त्यावर खेळू नये, आधी तपासावे. जेएसटेस्ट-जीटीके हे छोटे साधन उघडून प्रत्येक बटण एकेकदा दाबावे, दोन्ही स्टिक संथपणे गोल फिरवाव्यात आणि ट्रिगर अगदी हळू दाबत त्यांचा आकडा टप्प्याटप्प्याने वाढतो की एकदम उडी मारतो ते पाहावे. स्टिकचा आकडा उणे ३२७६७ ते ३२७६७ या मर्यादेत फिरतो. स्टिक मोकळी सोडल्यावर तो शून्याच्या आसपास स्थिरावला पाहिजे. तीन-चार हजारांवर अडकून राहत असेल किंवा प्रत्येक वेळी वेगळ्या ठिकाणी थांबत असेल, तर डेडझोन (स्टिकची जी मधली हालचाल खेळ दुर्लक्षित करतो ती) वाढवून वेळ मारून नेण्यापेक्षा मुदत संपण्यापूर्वी कंट्रोलर परत करावा. हीच तपासणी एकदा तारेवर आणि एकदा ब्लूटूथवर करावी, कारण दोन्हीकडे वेगळे ड्रायव्हर काम करत असू शकतात आणि एका बाजूला बरोबर आलेले उत्तर दुसऱ्या बाजूला लागू पडेलच असे नाही.