धातूंचा वास घेताना या चुका टाळा

प्रात्यक्षिकांच्या वह्या तपासताना ‘लोखंड: वास उग्र, धातूसारखा’ हे निरीक्षण मी इतक्या वेळा वाचले आहे की आता लाल शाईचे पेन तिथे आपोआप थांबते. तुकडा उघड्या हाताने उचलायचा, नाकाशी न्यायचा आणि जो वास येईल तो तुकड्याच्या नावावर लिहून मोकळे व्हायचे, ही यातली पहिली आणि सर्वांत चिवट चूक आहे.

एके काळी मीही त्या ओळीला गुण देत असे. एका वर्षी एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, खिळा खाली ठेवला तरी बोटांना वास येतोच आहे, मग तो खिळ्याचा कसा?” मला उत्तर देता आले नाही. दुसऱ्या दिवशी मी काही नवे खिळे ॲसिटोनने धुतले, कोरडे करून चिमट्याने बाटलीत टाकले आणि अर्ध्या तासाने झाकण उघडून बाटली सर्व वर्गात फिरवली. कोणालाही कसलाच वास आला नाही. तेच खिळे दोन मिनिटे घामेजल्या मुठीत धरायला लावल्यावर मात्र सगळी रांग तळहात हुंगून नाक मुरडू लागली.

कारण असे, की खोलीच्या तापमानाला लोखंडाची वाफ जवळजवळ होतच नाही आणि जे हवेत मिसळत नाही ते नाकापर्यंत पोहोचत नाही. घामामुळे लोखंडाचे फेरस आयन (विद्युतभारित कण) सुटतात आणि ते त्वचेवरील तेलकट द्रव्याच्या पेरॉक्साइडांचे (ऑक्सिजनशी संयोग होऊन बनलेल्या अस्थिर संयुगांचे) विघटन करतात. त्यातून 1-ऑक्टेन-3-ओन आणि तत्सम बाष्पनशील (सहज हवेत उडून जाणारी) संयुगे तयार होतात. अळंबीची आठवण करून देणाऱ्या या संयुगाचा वास अत्यल्प प्रमाणातही जाणवतो. रसायनशास्त्रज्ञ ग्लिंडेमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 साली हे दाखवून दिले. म्हणजे आपण ज्याला लोखंडाचा वास म्हणतो तो बराचसा आपल्याच कातडीचा असतो. तेव्हापासून धातूचा कोणताही नमुना माझ्या टेबलावर चिमट्यानेच उचलला जातो. ज्यांना चिमटा शोधण्याइतका धीर नाही, त्यांनी वासाचा रकाना कोरा ठेवावा.

याच्या सख्ख्या बहिणी शोभतील अशा चुका थोडक्यात सांगतो. लोखंडावर आम्ल घातल्यावर येणारा लसणीसारखा वास हायड्रोजनचा नाही. हायड्रोजनला वास नसतो; तो वास लोखंडातील कार्बन आणि फॉस्फरसपासून होणाऱ्या फॉस्फीन वर्गातील (फॉस्फरसच्या वायुरूप) संयुगांचा असतो. फेरिक क्लोराइडच्या बाटलीतून नाकाला झोंबते ते दमट हवेमुळे सुटणारे हायड्रोजन क्लोराइड. कॅल्शिअम कार्बाइडची दुर्गंधीही मुख्यतः त्यातील अशुद्धीपासून होणाऱ्या फॉस्फीनची असते. कल्हईवाल्याच्या भट्टीजवळ नाकात जाणारा धूर नवसागराचा असतो, कथिलाचा नाही.

मात्र ‘धातूंच्या संयुगांना वास नसतोच’ हे दुसरे टोकही तितकेच चुकीचे आहे. ऑस्मिअम या धातूचे नावच ‘वास’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून पडले. तो वास त्याच्या बाष्पनशील टेट्रॉक्साइडचा असून ते डोळ्यांना आणि फुप्फुसांना अत्यंत घातक आहे. निकेल कार्बोनिल हे निकेलचे अतिविषारी संयुग 43 अंश सेल्सिअसला उकळते आणि त्याचा वास येईपर्यंत थांबणे म्हणजे फार उशीर करणे होय.

दुसरी चूक मला पहिलीपेक्षाही अधिक छळते, ती म्हणजे परीक्षानळीवर थेट नाक ठेवणे. अमोनिअम क्षार सोडिअम हायड्रॉक्साइडबरोबर तापवत असताना सुटणाऱ्या अमोनिआ वायूचा एका उतावळ्या विद्यार्थ्याने खोल श्वास घेतला. त्याचे डोळे धुण्यात आणि त्याला मोकळ्या हवेत बसवण्यात आमचा उरलेला तास गेला. हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवलेली काचकांडी नळीच्या तोंडाशी धरली असती, तर दाट पांढऱ्या धुरानेच तो अमोनिआ असल्याचे सांगितले असते. वास घ्यायचाच असेल तर नळी दूर धरून, हाताने थोडीशी हवा आपल्याकडे वारावी. हायड्रोजन सल्फाइडच्या बाबतीत मी तेवढेही करू देत नाही, कारण त्याचे प्रमाण वाढले की नाकच बधिर होते आणि वास गेला म्हणून वायू गेला असे वाटते. तिथे लेड ॲसिटेटचा कागद काळा पडतो का एवढेच पाहावे.

शेवटची चूक पाऱ्याची. तापमापी फुटली की “वास येत नाही, म्हणजे काही उडाले नाही” असे हमखास ऐकू येते. पाऱ्याच्या वाफेला वास नाही, पण 20 अंशांना पाऱ्याने संपृक्त झालेल्या एक घनमीटर हवेत सुमारे 13 मिलिग्रॅम पारा असतो आणि तो विषारीच असतो. मी आधी सर्वांना बाहेर काढतो, खिडक्या उघडतो, पंखा बंद करतो, दोन कागदांच्या कडांनी थेंब एकत्र आणतो आणि ड्रॉपरने उचलून पाणी असलेल्या घट्ट झाकणाच्या बाटलीत टाकतो. झाडू मात्र कोणाच्याही हाती लागू देत नाही.