नाणेघाट ते आहुपे: घाटमाथ्यावरची लांब पायपीट कशी करावी

पावसाळ्यातल्या रविवारी नाणेघाटात पाय ठेवायला जागा नसते. पण हिवाळ्यात जीवधन किल्ला मागे टाकून दक्षिणेला धाकोबाच्या डोंगराकडे निघालात की दिवसभरात एखादा गुराखी भेटला तर भेटतो. ठाणे-कल्याण-नवी मुंबईकरांसाठी चार-पाच दिवसांच्या पायपिटीला याहून चांगली वाट जवळपास नाही, असं माझं ठाम मत आहे. कोकणातून नाणेघाट चढायचा, कड्याच्या काठाने आहुपे गाव गाठायचं आणि आहुपे घाटाने खोपिवलीला, म्हणजे पुन्हा मुरबाड तालुक्यात उतरायचं.

आधी दिवस ठरवा. नोव्हेंबर ते जानेवारी उत्तम. पावसात धुक्यामुळे कडा दिसत नाही, फेब्रुवारीनंतर ओढे आटतात.

मग मुक्काम. टप्पे किलोमीटरवर नव्हे, पाण्यावर बेता. घाटघर, धाकोबाचं देऊळ, दुर्गवाडी आणि आहुपे असे चार मुक्काम धरले की धावाधाव होत नाही. प्रत्येक ठिकाणी पुढचं पाणी कुठे आणि किती शिल्लक आहे ते विचारूनच निघा. माणशी चार लिटर पाणी सॅकमध्ये हवंच. आहुप्याचा परिसर भीमाशंकर अभयारण्याचा आहे, तेव्हा वनखात्याचे नियम आधी विचारून घ्या.

सॅक आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जड नको. महिनाभर आधी तीच भरलेली सॅक पाठीवर घेऊन बेलापूरची पारसिक टेकडी चढा, एकदा आसनगावहून माहुली किल्ला करा. नवे बूट याच काळात पायात मुरवा.

कल्याणहून माळशेजकडे जाणारी एसटी पकडून वैशाखरेच्या पुढे नाणेघाटाच्या फाट्यावर उतरा. घाट चढायला अडीच-तीन तास लागतात. वर सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लेख असलेलं लेणं आहे, त्याच्या शेजारी पाण्याची टाकी आहेत आणि माथ्यावर जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण. घाई न करता बघा, कल्याण-सोपाऱ्याहून जुन्नरला जाणारा व्यापार याच खिंडीतून चालायचा.

खरी परीक्षा जीवधननंतर. इथे वाट नसते असं नाही. वाटा फार असतात, आणि त्यातल्या बहुतेक ढोरवाटा. ओळखायची खूण अशी: पायाखाली नाही, डोक्यासमोर बघा. ढोरवाट खाली चांगली मळलेली असते, पण छाती-तोंडाच्या उंचीवर कारवी आणि काटे आडवे येतात, कारण गुरं खालून निघून जातात. माणसाच्या वाटेवर डोक्यावरची मोळी जाईल एवढी मोकळीक असते आणि फांद्यांवर कोयत्याचे तिरके घाव दिसतात. गवतात पोचल्यावर ढोरवाट पंज्यासारखी फुटते, गाववाट एकसंध राहते. दहा मिनिटं खूण दिसली नाही तर शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत परत या. कड्याच्या दिशेने ‘शॉर्टकट’ काढायचा मोह जिवावर बेततो.

वाट विचारायचीही रीत आहे. ‘मामा, दुर्गवाडीला हीच वाट ना?’ असं विचारलं की समोरचा भिडेखातर ‘हो’ म्हणून जातो. ‘दुर्गवाडीची वाट कुठली?’ असं विचारा आणि हात कुठे दाखवतोय ते बघा. धाकोबाच्या टप्प्यासाठी घाटघरचा वाटाड्या घेतला तर फारच बरं. त्याची मजुरी आधीच ठरवा.

वाडीत मुक्काम करायचा तर उजेडात पोचा. भाकरी-पिठल्याचे पैसे न मागता द्या; त्या घरात पाणी डोक्यावरून आलेलं असतं. आहुप्याच्या देवराईत वाळकी काटकीसुद्धा तोडू नका.

मोबाइलला बऱ्याच ठिकाणी रेंज नसते. मुक्कामांची यादी घरी लिहून ठेवा, अमुक वेळेपर्यंत फोन आला नाही तर ११२ वर कळवा असं सांगून निघा.

शेवटच्या दिवशी आहुपे घाट सकाळीच उतरायला घ्या. मुरमाड उतारावर घसरायला होतं, गुडघ्यांसाठी काठी लागतेच. खोपिवलीहून म्हसा-मुरबाडकडे जायला गाड्या मोजक्याच, त्यांच्या वेळा जाण्याआधीच मुरबाड आगारात विचारून ठेवा.