‘मात्शें राव’ म्हणता म्हणता गेलेली सहा वर्षं

आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात पोरगी पदवीधर झाली की पहिल्यांदा विचारतात, "फॉर्म भरलास?" तो सरकारी नोकरीचा, हे कुणी सांगत नाही, सांगायची गरजही नसते. 2015 साली मी रसायनशास्त्रात बी.एस्सी. झाले. निकालाच्या दिवशी संध्याकाळी शेजारच्या काकींनी मला हेच विचारलं, तेव्हा त्यांच्यासाठी नेलेला पेढा माझ्या हातातच होता.

तो पेढा वाटून झालाय आणि कायमच्या नेमणुकीचं पत्र अजून आलेलं नाही, अशा मुलामुलींसाठी हे लिहितेय. पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला, रोजगार विनिमय केंद्राचं कार्ड, मिनिटाला 30 शब्दांचं टायपिंग, कोंकणी आवश्यक आणि मराठी येत असल्यास उत्तम, जाहिरातीतलं हे सगळं तुम्हाला पाठ असणार. परीक्षेची तयारी कशी करावी हेही मी सांगणार नाही, ते सांगणारे गल्लोगल्ली आहेत. मला एकच गोष्ट सांगायची आहे, कायम होण्याच्या आशेवर धरून ठेवलेल्या कंत्राटी नोकरीची, आणि ती मी जरा जास्तच उगाळणार आहे. 2016 ते 2022 ही माझी सहा वर्षं तिच्यात गेली.

आधी घरचं थोडं. बाबांचा खाणीवर ट्रक होता, कर्जावर घेतलेला. 2012 च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या तेव्हा मी पहिल्या वर्षाला होते. ट्रक अंगणाच्या कडेला फणसाखाली उभा राहिला आणि हप्ते चालू राहिले. पुढं खाणी थोड्या सुरू झाल्या, पण 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं 88 लीजं रद्द केली आणि सगळं पुन्हा थांबलं. आम्ही ट्रक त्याआधीच मिळेल त्या किमतीला विकला होता. म्हणून महिन्याच्या महिन्याला येणारा पगार आणि म्हातारपणाची सोय यांसाठी आमच्या घरातली माणसं एवढी का झुरत होती ते मला कळतं. आईबाबांना मी दोष देत नाही. डिचोली, सत्तरी, सांगेतल्या कितीतरी घरांत हेच झालं.

2016 मध्ये ओळखीतून पणजीच्या एका कार्यालयात कंत्राटी जागा मिळाली. काम डेटा एंट्रीचं, महिन्याला एकत्रित साडेपंधरा हजार. सकाळी वाळपईहून कदंबची सरकारी बस पकडायची, संध्याकाळी अंधार पडता पडता घरी. पहिल्याच आठवड्यात तिथल्या एका ज्येष्ठ बाईंनी पाठीवर हात ठेवून सांगितलं, "मात्शें राव, बाय. जातलें." थोडं थांब, होईल. हे शब्द मी पुढच्या सहा वर्षांत इतक्या तोंडून ऐकले की झोपेतही ऐकू यायचे. सांगणारी माणसं वाईट नव्हती. त्यांच्या काळात तसं झालंही होतं. त्या बाई स्वतः रोजंदारीवर लागल्या होत्या आणि कायम झाल्या होत्या.

आता मुद्द्यावर येते. कंत्राटाचं पत्र हातात आलं की ते तीनदा वाचा. माझ्या पत्रात स्वच्छ लिहिलं होतं की ही नेमणूक निव्वळ तात्पुरती आहे आणि तिच्यामुळं कायम होण्याचा कोणताही हक्क निर्माण होत नाही. मी ते वाक्य वाचलं होतं, सहीसुद्धा त्याच्याच खाली केली होती. पण ते वाक्य इतरांसाठी आहे असं मनाला वाटतं. दर अकरा महिन्यांनी मुदत संपायची, मध्ये काही दिवसांचा खंड पडायचा, मग नवं पत्र. त्या खंडाच्या दिवसांत मी घरी काजूच्या बिया वाळवत बसायचे आणि फोन वाजला की छातीत धस्स व्हायचं. नवं पत्र आलं की इतकं हायसं वाटायचं की आपण परत पहिल्या पायरीवरच उभ्या आहोत हे दिसायचंच नाही. दर वर्षी तीच पायरी, तोच पगार, फक्त पत्रावरची तारीख वेगळी.

सहा वर्षांनी हिशेब मांडला तेव्हा हातात काय होतं? अनुभवाच्या दाखल्यावर डेटा एंट्री. ज्या परीक्षेतून कायमची जागा मिळायची त्या परीक्षेत या अनुभवाला मला एक गुणही मिळत नव्हता. गोवा कर्मचारी निवड आयोगाचा कायदा 2019 मध्ये आला. पूर्वी खाती आपापली भरती करायची, त्यानंतर गट ‘क’च्या (कारकून वगैरे) जागा आयोगाच्या संगणकावरच्या परीक्षेतून भरायचं ठरलं. म्हणजे ज्या ‘आतल्या माणसां’च्या भरवशावर मी बसले होते, त्यांच्या हातात माझी जागा राहिलीच नव्हती. त्यांना ते कळायला वेळ लागला आणि मला त्याहून जास्त. कायद्याचं म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयानं 2006 च्या उमादेवी खटल्यात स्पष्ट सांगितलंय की नुसती अनेक वर्षं तात्पुरत्या नोकरीत काढली म्हणून कायम होण्याचा हक्क मिळत नाही. अलीकडच्या काही निकालांत कंत्राटी लोकांना दिलासा मिळालाय हे खरं, पण तो वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढलेल्यांना. तेवढं बळ आमच्या घरात नव्हतं.

आणि मी अशी अडकून राहिले याचं सगळ्यात मोठं कारण वेगळंच आहे. ते कुणी बोलत नाही म्हणून मी बोलते. आपल्याकडं सरकारी जाहिरातीत वयाची अट बहुतेक 45 पर्यंत असते. ऐकायला ही केवढी मोठी सोय. पण बावीस वर्षांच्या मुलीला पंचेचाळीसपर्यंत दार उघडं आहे असं सांगितलं की ती काहीच ठरवत नाही. या वर्षी नाही झालं तर पुढच्या वर्षी. दार तिशीला बंद झालं असतं तर मी सत्तावीसाव्या वर्षी घाबरून दुसरं काहीतरी शोधलं असतं. मला घाबरायची वेळच आली नाही. माझ्या बाजूच्या टेबलावर एकोणचाळीस वर्षांचा एक सहकारी होता, तोही म्हणायचा, "अजून सहा वर्षं आहेत गो." ते ऐकून मला त्या दिवशी दिलासा वाटला होता, याचं आज वाईट वाटतं.

पैसे देऊन काम होतं म्हणणारा माणूस प्रत्येक वाड्यावर एक तरी असतो. आमच्याकडेही आला. बाबा काजूची भाट, म्हणजे बाग, गहाण टाकायला निघाले होते, आईनं चार दिवस अबोला धरला म्हणून वाचली. 2024 मध्ये नोकरीच्या आमिषानं लोकांकडून लाखो रुपये उकळल्याची प्रकरणं गोवाभर बाहेर आली तेव्हा आम्ही तिघं टीव्हीसमोर बसून होतो आणि कुणी काही बोललं नाही. पैसे देऊ नका. जवळच्या नात्यातल्या माणसानं मागितले तरी देऊ नका. यात दुसरी बाजू नाही.

सल्ला कुणाचा घ्यावा याबद्दल माझं मत ठाम आहे, पटलं तर घ्या. निवृत्त झालेल्या काकांचा घेऊ नका. ते प्रेमानं सांगतात, पण 1990 च्या गोव्याबद्दल सांगतात. तुमच्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठं असलेलं, कालपरवापर्यंत तुमच्याच जागी उभं असलेलं माणूस शोधा. आणि दिवसाला दोनशे पीडीएफ येणाऱ्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडा. मी अशा सात ग्रुपमध्ये होते. ती फाइल उतरवून घेतली की अभ्यास झाल्यासारखं वाटतं, माझ्या फोनमध्ये त्यातल्या बहुतेक कधी उघडल्याच गेल्या नाहीत.

2021 च्या पावसात एका रात्री मला झोप येईना. दुसऱ्या दिवशी बसमध्ये जुन्या वहीत लिहायला लागले. मोठं काही नाही, दिवसभरात काय काय केलं आणि ते करताना घड्याळाकडे पाहिलं की नाही, एवढंच. दोन आठवडे लिहिलं. बहुतेक दिवसांपुढे ‘पाहिलं, पाहिलं, पाहिलं’. फक्त तीन दुपारी ‘नाही पाहिलं’. त्या तीन दुपारी मी एकच काम करत होते. आवक नोंदवहीतल्या नोंदी आणि कपाटातल्या फाइली जुळत नव्हत्या, त्रेचाळीस नोंदींचा फरक होता आणि तो मी एकेक करून शोधत होते. मला ते कुणी सांगितलंही नव्हतं. माझ्या ते लक्षात आलं तेव्हा बस उसगावच्या पुलावर होती, आणि मला रडू आलं. आनंदाचं की दुःखाचं ते मला आजही सांगता येणार नाही. आपल्याला काय आवडतं हा प्रश्न मी सत्तावीस वर्षांत स्वतःला कधी विचारलाच नव्हता. आमच्या घरात तो कुणीच कुणाला विचारत नसे.

कॉलेजातली एक मैत्रीण कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या कंपनीत होती. तिला सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, आम्ही क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणीत, दिवसभर हेच करतो. जुळतंय का बघायचं, नाही जुळलं तर का ते शोधायचं." वेर्णा, कुंडई, थिवी, आमच्या उशाशी पिसुर्ले, इतके औषधांचे कारखाने गोव्यात आहेत. रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी त्यांतल्या काहींच्या फाटकांसमोरून सहा वर्षं बसनं ये-जा केली होती.

पण ऐका, इथून पुढं गोड नाही. पहिल्या मुलाखतीत मला विचारलं, बफर म्हणजे काय? मला आलं नाही. नॉर्मॅलिटी आणि मोलॅरिटीतला फरक अर्धवट आला. समोरचे गृहस्थ चांगले होते, त्यांनी पाणी दिलं आणि म्हणाले, तुमचं शिक्षण गंजलंय. कंत्राटी नोकरीनं माझा पगार वाढवला नाही हे मला दिसत होतं, पण होतं ते ज्ञानही ती घेऊन जातेय हे दिसलं नव्हतं. तुम्ही आज अशा जागी असाल तर आठवड्यातून दोन संध्याकाळी तरी आपल्या विषयाचं पुस्तक उघडा. थकलेले असलात तरी उघडा.

माळ्यावरचे प्रॅक्टिकलचे जर्नल काढले. वाळवीनं एक खाल्लं होतं, बाकीचे ठीक होते. चार महिने बसमध्ये आणि रात्री तेच वाचलं. मैत्रिणीकडून एचपीएलसी, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजायचं यंत्र, कसं चालतं ते रविवारी समजून घेतलं. 2022 च्या मे महिन्यात दुसऱ्या एका ठिकाणी ट्रेनी म्हणून घेतलं, तेरा हजारांवर. म्हणजे पगार अडीच हजारांनी कमी, वय अठ्ठावीस आणि सोबतचे सगळे बावीसचे. आईनं दोन दिवस काही विचारलं नाही. लग्नाचं एक स्थळ चालू होतं, ते ‘मुलगी पणजीला सरकारी ऑफिसात’ असं ऐकून आलं होतं. ते परत गेलं. तेव्हा खूप लागलं. चवथीला गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधताना मामींनी सगळ्यांसमोर विचारलं, "हातचं सोडून हे काय केलंस?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी नारळ सोलत राहिले.

लॅबमध्ये पहिल्या दिवशी शिकवतात की चूक झाली तर खाडाखोड करायची नाही, व्हाइटनर तर आत आणायचंच नाही. चुकीच्या आकड्यावर एकच आडवी रेघ, अशी की खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख, कारण. मला ते करताना फार बरं वाटलं, अजूनही वाटतं. सकाळी सगळ्यात आधी बॅलन्सवर, म्हणजे लॅबच्या वजनकाट्यावर, प्रमाणित वजनं ठेवून तो बरोबर दाखवतो का ते तपासायचं असतं. ते काम मी मागून घेतलंय. आठ वाजता लॅबमध्ये दुसरं कुणी नसतं.

तीन वर्षांत ट्रेनीची अ‍ॅनालिस्ट झाले, पगार आता कंत्राटाच्या दुपटीजवळ आलाय. इथंही ताण आहे. ऑडिटच्या आठवड्यात घरी यायला नऊ वाजतात, आणि खासगी नोकरी कायमची असते असं मी कुणाला सांगणार नाही. सरकारी नोकरीच्या मागे लागू नका असंही मी म्हणत नाही. माझा भाऊ आयोगाची परीक्षा देतोय, मीच त्याची गणितं तपासते. तुम्ही अठ्ठावीसचे, तिशीचे असाल आणि हे वाचून पोटात गोळा आला असेल, तर उशीर झालेला नाही. मला तिथंच सगळ्यात जास्त भीती वाटली होती आणि बावीसच्या मुलांनी मला सहा महिन्यांत सांभाळून घेतलं. पण तुम्ही तेविसाचे असाल तर मी एवढ्या मऊ आवाजात बोलणार नाही. आजच ठरवा, हे ‘मात्शें राव’ कधीपर्यंत.

मागच्या महिन्यात मामाच्या धाकट्या मुलीला एका खात्यात कंत्राटी जागा मिळाली. तिनं पत्राचा फोटो पाठवला. मी रविवारी तिच्या घरी गेले, मूळ पत्र मागून घेतलं, उलटं केलं आणि म्हटलं, इथं एक तारीख लिही. त्या दिवशी कायमची नेमणूक किंवा निवड यादीत नाव हातात नसेल तर सोडायचं, अशी. मामी आतून ओरडल्या की असलं अशुभ काय लिहायला लावतेस. पोरीनं बराच वेळ पेन हातात धरलं, मग लिहिलं, 31 मे 2027. मी ती तारीख माझ्या फोनमध्ये टाकून ठेवली आहे.